फुटलेला दगड आणि हादरलेले गाव

खडीच्या खदानीत सुरुंग उडतो, धुरळा वर चढतो आणि तो खाली बसेपर्यंत मालकापासून पोकलेनच्या चालकापर्यंत सगळ्यांच्या नजरा एकाच गोष्टीवर खिळलेल्या असतात: ढिगात डबर किती पडला आणि धोंडे किती निघाले. क्रशरच्या जबड्यात सरळ जाईल असा माल पडला असेल तर पुढचे काही दिवस काम सुरळीत चालते. धोंडे जास्त निघाले तर ते फोडायला ब्रेकर लावावा लागतो, पोकलेन दिवसभर निवडानिवड करत बसते, हायवा डंपर रांगेत उभे राहतात आणि डिझेलचा खर्च चढत जातो. अशा वेळी आमच्या मराठवाड्यातल्या बहुतेक खदानींवर एकच निदान ऐकू येते, की दारू, म्हणजे सुरुंगातले स्फोटक, कमी पडली, पुढच्या वेळी वाढवा.

खाणकामाचे शिक्षण घेऊन मी गेली अनेक वर्षे याच भागातल्या खदानींवर ब्लास्टिंगचे काम पाहतो आहे आणि हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते असे माझे ठाम मत झाले आहे. दारू कमी पडल्यामुळे राहिलेले धोंडे मी पाहिले आहेत, पण दारू चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी किंवा भोकाचे तोंड नीट न बुजवता उडाल्यामुळे राहिलेले धोंडे त्याहून कितीतरी अधिक पाहिले आहेत. दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. स्फोटातून निघालेली जी ऊर्जा दगड फोडण्याच्या कामी येत नाही ती नाहीशी होत नाही. ती जमिनीतून आणि हवेतून प्रवास करत जवळच्या वस्तीपर्यंत जाते. म्हणून जो ब्लास्ट दगड नीट फोडतो, तोच बहुधा गावाला कमी हादरवतो.

दगड फुटतो कसा हे आधी पाहायला हवे. होलमधली, म्हणजे दगडात ड्रिलने मारलेल्या भोकातली, दारू पेटली की काही मिलिसेकंदांत तिचे प्रचंड दाबाच्या वायूत रूपांतर होते आणि त्या धक्क्याने होलच्या अगदी भोवतालचा दगड अक्षरशः पीठ होतो. त्या पिठाला बाजारात फारशी किंमत नसते. त्याच्या पलीकडे दाबाची लाट बाहेर पसरत जाते आणि होलपासून चहूकडे आरांसारख्या भेगा पडतात. आपला काळा पाषाण दाबाला फार चिवट आहे, पण ताणाला दुबळा आहे. दाब सहन करण्याची त्याची जी ताकद असते, तिच्या साधारण दहाव्या भागाइतक्याच ताणाने तो तुटतो. दाबाची लाट खदानीच्या मोकळ्या दर्शनी कड्यापर्यंत पोहोचली की पुढे हवाच असल्यामुळे ती परत फिरते आणि परतताना ताणाची लाट होऊन येते. जी लाट जाताना दगडाचे फारसे काही बिघडवू शकली नाही, ती येताना त्याचे थर सुटे करते. त्यानंतर वायूचे काम सुरू होते. भेगांमध्ये शिरून तो लाकडात ठोकलेल्या पाचरीसारखा त्या रुंदावत नेतो आणि सुटा झालेला दगड पुढे ढकलतो. ही सगळी क्रिया पुरी व्हायला दोन गोष्टी लागतात: लाट परतवणारा मोकळा कडा, आणि वायूला काही क्षण आत धरून ठेवणारे बुजवलेले तोंड. यातले एक जरी बिघडले, तरी होलमध्ये कितीही दारू असली तरी ती निम्मी वाया जाते.

यातला जो भाग माणसाच्या हातात नाही, तो म्हणजे खुद्द खडक. मराठवाड्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर वसलेला आहे. एक प्रवाह आला, थंड झाला, त्याचा वरचा भाग उघडा पडून झिजला, मग दुसरा प्रवाह आला, असे हे थर एकावर एक साचत गेले. त्यामुळे एकाच खदानीच्या एकाच कड्यात वरपासून खालपर्यंत तीन स्वभावांचे दगड भेटू शकतात. प्रवाहाच्या पोटातला घट्ट काळा पाषाण खणखणीत असतो, पण त्यातून थंड होतानाच्या उभ्या भेगा गेलेल्या असतात. प्रवाहाच्या वरच्या भागातला मांजऱ्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला असतो. त्या पोकळ्यांत पुढे पांढरी, हिरवट खनिजे भरलेली दिसतात, आणि छत्रपती संभाजीनगर आणि जालना भागातल्या खदानींत त्यांचे सुंदर खडे हाती लागतात. दोन प्रवाहांच्या मधे कुठे कुठे गेरूसारखा तांबडा मऊ थर असतो. हा थर सुरुंगाचा मोठा शत्रू आहे. वायूला सगळ्यात सोपी वाट तिथूनच मिळते, त्यामुळे होलचा सारा जोर त्या एका पट्ट्यातून फुसकन निघून जातो, आणि वरचा पाषाण मोठाल्या चिऱ्यांत तसाच खाली बसतो.

वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात याच खडकात वरून खाली कोरले गेले. ज्यांनी ते छन्नीने कोरले त्यांना घट्ट थर कुठे संपतो आणि भेग कुठून जाते हे आधी ओळखावेच लागले असणार, कारण एकदा चुकीच्या जागी तुटलेला दगड परत बसवता येत नाही. आमच्यापाशी यंत्रे आहेत म्हणून ते ओळखणे टळत नाही. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे गेले की हा काळा पाषाण संपून ग्रॅनाइट आणि नीससारखे फार जुने खडक लागतात. लातूरच्या खदानीत बसवलेला आराखडा उचलून तिकडे नेला तर तो जमत नाही.

भेगांचे महत्त्व मला पुस्तकांतून कळले होते, पण त्यांच्याकडे पाहायचे कसे हे एका वडार मामांनी शिकवले. घण आणि पहार यांच्या जोरावर दगड फोडण्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि थकल्यावर ते आमच्या खदानीवर देखरेखीला असत. होल मारायच्या आदल्या दिवशी ते कड्याच्या पायथ्याने हळूहळू चालत, हातातल्या हातोड्याने दगडावर टिचक्या मारत आणि कान देऊन ऐकत. एका ठिकाणी थांबून ते म्हणाले, "सायेब, हितं भद्द वाजतंय. आतून फुटल्याला हाय. ह्या सुमारातलं भोक मागं घ्या, न्हाईतर समदं तोंडातूनच उडंल." मी जवळ जाऊन पाहिले तेव्हा बोटभर रुंदीची, मातीने भरलेली एक तिरपी भेग कड्याच्या आत शिरताना दिसली. चार पावलांवरून ती दगडाच्या रंगात मिसळून गेली होती. होल त्या भेगेवर आले असते तर वायू भेगेतून बाहेर पडला असता आणि दगडाचा एखादा तुकडा फार दूरवर उडाला असता.

भेगा दगड आधीच तोडून ठेवतात, मग त्यांचा त्रास का व्हावा, असा प्रश्न नवखे लोक विचारतात. भेगा जवळजवळ असतील तर खरोखरच काम सोपे होते. खडक आधीच तुकड्यांत विभागलेला असतो आणि त्याला फक्त सुटे करायचे असते. पण भेगांमधले अंतर दीड-दोन मीटर असेल आणि आपली होल तीन-साडेतीन मीटरवर असतील, तर दोन भेगांमधला एखादा पुरा ठोकळा असा राहतो की ज्यात एकही होल पडलेले नाही. दाबाची लाट भेगेपाशी येऊन अडते, पलीकडे पोहोचत नाही, आणि तो ठोकळा जसाच्या तसा ढिगात येऊन पडतो. तिथे दारू वाढवली तर होलच्या भोवती आणखी थोडे पीठ होते, ठोकळा मात्र तसाच राहतो. अशा खडकात लहान व्यासाची, जवळजवळची होल मारणे हाच उपाय आहे.

आता माणसाच्या हातातल्या गोष्टींकडे वळतो. त्यांत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बर्डन, अर्थात होलपासून मोकळ्या कड्यापर्यंतचे अंतर. ते साधारण होलच्या व्यासाच्या २५ ते ३५ पट ठेवतात. ११५ मिलिमीटरचे होल असेल तर आमच्या घट्ट पाषाणात ते तीन मीटरच्या आसपास येते, आणि जॅकहॅमरने मारलेल्या ३४ मिलिमीटरच्या होलसाठी एक मीटरच्याही थोडे आतच. बर्डन जास्त झाले तर लाट परत येईपर्यंत थकते, वायूला दगड पुढे ढकलता येत नाही, तो कोंडून जमिनीला हादरा देतो आणि पायथ्याशी न फुटलेला दगडाचा उंबरा शिल्लक राहतो. बर्डन फार कमी झाले तर दगड उडतो, आवाज मोठा होतो आणि वायू वेळेआधीच बाहेर पडतो.

कागदावर हे अंतर एकच असते, पण प्रत्यक्ष कडा कधीच सरळ नसतो. मागच्या ब्लास्टने वरचा भाग जास्त तुटलेला असतो आणि खालचा पाय पुढे आलेला असतो. वरून टेपने मोजले तर तीन मीटर भरतात, पण पायथ्याशी प्रत्यक्षात साडेचार मीटर असतात आणि मधे कुठे पोकळी असेल तिथे जेमतेम दोन. एकाच होलमध्ये एकाच वेळी दोन्ही दोष येतात: मधून दगड उडतो आणि खाली उंबरा राहतो. म्हणून पहिल्या ओळीसाठी मी कड्याच्या खाली उभे राहून प्रत्येक होलसमोरचा कडा पाहिल्याशिवाय दारू भरू देत नाही. याला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास वाचवण्यासाठी पुढे ब्रेकरचे दोन दिवस घालवणाऱ्या खदानी मला ठाऊक आहेत.

समजा कडा नऊ मीटर उंच आहे, बर्डन तीन मीटर आणि दोन होलमधले अंतर साडेतीन मीटर आहे. मग एका होलच्या वाट्याला सुमारे साडेचौऱ्याण्णव घनमीटर, म्हणजे अडीचशे टनांहून अधिक दगड येतो. घट्ट पाषाणात एका होलमध्ये साधारण ६० किलो दारू बसते, म्हणजे घनमीटरमागे सहाशे-साडेसहाशे ग्रॅम. ड्रिल मशीन उतारावर उभे राहिले आणि होल नुसते तीस सेंटिमीटर मागे पडले, तरी त्याच दारूवर १० टक्के जास्त दगडाचा भार येतो. होल आत जाताना तिरके गेले तर तळाशी हा फरक आणखी वाढतो. मालक दारूच्या पेट्या मोजून घेतात, पण होलची जागा आणि उभेपणा तपासायला कोणी थांबत नाही. माझ्या दृष्टीने धोंड्यांची निम्मी पैदास इथेच होते.

दारू आणि तुकड्याचा आकार यांचा हिशेब मांडणारे एक सूत्र खाणकामात प्रसिद्ध आहे. कुझनेत्सोव यांनी १९७३ मध्ये त्याचा पाया घातला आणि कनिंगहॅम यांनी १९८३ मध्ये त्याला रोझिन आणि रॅमलर यांच्या, कोणत्या आकाराचे तुकडे किती हे सांगणाऱ्या वितरणाची जोड दिली, म्हणून त्याला कुझ-रॅम म्हणतात. त्यातून दोन गोष्टी निघतात, आणि त्या प्रत्येक खदानमालकाने समजून घ्याव्यात असे मला वाटते. पहिली अशी की, बाकी सगळे तसेच ठेवून घनमीटरमागची दारू २० टक्क्यांनी वाढवली, तरी तुकड्याचा मधला आकार सुमारे १४ टक्क्यांनीच घटतो. खर्च वाढतो त्या मानाने फायदा कमी मिळतो. दुसरी अशी की, तीच एकूण दारू थोड्या मोठ्या होलमध्ये एकवटण्याऐवजी अधिक संख्येच्या लहान होलमध्ये वाटली तर तुकडे बारीक होतात. दारू दगडात किती सारखी पसरली आहे यावर ढिगाचा एकसारखेपणा ठरतो. सूत्र म्हणजे अंदाज आहे, खडकाचा गुणांक प्रत्येक खदानीत बसवून घ्यावा लागतो, पण त्याने दाखवलेली दिशा मला आजवर चुकीची आढळलेली नाही.

होलचे तोंड बुजवणे हा विषय सगळ्यात दुर्लक्षित आहे. दारू भरून झाली की वरचे अडीच-तीन मीटर मोकळे ठेवून ते भरायचे असतात. बहुतेक ठिकाणी होल मारताना तोंडाशी जमलेली भुकटीच फावड्याने परत आत ढकलली जाते, कारण ती हाताशी असते. ही भुकटी बारीक, गुळगुळीत आणि कोरडी असते, दाब आला की ती पिचकारीसारखी वर उडते. ब्लास्टच्या वेळी होलांच्या तोंडांतून धुराचे उभे फवारे निघताना दिसले की समजावे, जो वायू भेगांत शिरायला हवा होता तो आकाशात गेला. ११५ मिलिमीटरच्या होलसाठी दहा मिलिमीटरच्या आसपासची टोकदार खडी भरली तर दाब येताच तिचे कोपरे एकमेकांत आणि होलच्या भिंतीत रुततात आणि तोंड आवळले जाते. ही खडी खदानीच्याच क्रशरवर तयार होते. एका ब्लास्टला लागणारी खडी पाट्यांनी वर नेऊन ठेवली की झाले. फावडे हातात असलेल्या पोराला मी एकदा मूठभर भुकटी आणि मूठभर खडी दोन्ही मुठींत घट्ट आवळायला सांगितले. खडी हाताला टोचली तसा तो हसला, आणि त्या दिवसापासून त्याने भुकटीला हात लावला नाही.

धोंडे ढिगाच्या कोणत्या भागातून येतात हे पाहिले तर तेही याच भागाकडे बोट दाखवतात. वरच्या बुजवलेल्या पट्ट्यात दारू नसते, म्हणून तिथला दगड फारसा फुटत नाही आणि मोठ्या तुकड्यांत खाली घसरतो. म्हणून तोंड किती बुजवायचे यात तोल सांभाळावा लागतो: फार ठेवले तर वर धोंडे, कमी ठेवले तर दगड उडणार. मी बर्डनच्या पाऊण पटीहून कमी कधीच ठेवत नाही, आणि वस्तीच्या बाजूला तर बर्डनइतकेच ठेवतो.

यानंतर वेळेचा प्रश्न येतो. पूर्वी वातीने एकामागून एक सुरुंग उडत आणि कोणता कधी उडेल याचा भरवसा नसे. आता होलांच्या मधे १७, २५, ४२ मिलिसेकंदांचे अंतर ठरवून ठेवता येते. पुढच्या ओळीचा दगड हलून जागा मोकळी झाली की मागच्या ओळीला नवा मोकळा कडा मिळतो. तीन मीटर बर्डन असेल तर ओळींमधे निदान तीस ते साठ मिलिसेकंद द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर मागच्या ओळीला वर सुटण्यावाचून वाट राहत नाही. दगड आकाशाकडे जातो, तळाशी घट्ट राहतो आणि हादरा वाढतो.

हा हादरा मला नुसता आकडा म्हणून पाहता येत नाही. मी ज्या औसा-लोहारा पट्ट्यात काम करतो, तिथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या रुंद भिंती माणसांवर कोसळल्या आणि हजारो माणसे झोपेतच गेली. त्या भागातली म्हातारी माणसे आजही ताटातले भांडे थरथरले तरी अंगणात येऊन उभी राहतात. खाण सुरक्षा महानिदेशालयाने १९९७ मध्ये घालून दिलेल्या मर्यादेनुसार खदानमालकाच्या मालकीची नसलेल्या साध्या घरांपाशी जमिनीच्या कंपनाचा वेग, कंपनांची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ च्या दरम्यान १० आणि त्यावर १५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. माणसाच्या अंगाला याच्या कितीतरी कमी कंपन जाणवते. त्यामुळे यंत्राने मर्यादेत असल्याचे सांगितले तरी घरातल्या माणसाची भीती खोटी ठरत नाही. "नियमात आहे" असे सांगून एखाद्या आजीला परत पाठवणे मला कधीच योग्य वाटले नाही.

हे कंपन मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते: अंतर, आणि एकाच क्षणी उडणारी दारू. आठ मिलिसेकंदांच्या आत उडालेली दारू एकत्रच धरतात. नेहमी वापरल्या जाणाऱ्या सूत्राने पाहिले तर दोन होल एकदम उडाली की त्याच अंतरावरचे कंपन सुमारे पावणेदोन पट होते. म्हणजे ब्लास्टमध्ये एकूण दारू किती यापेक्षा ती किती तुकड्यांत, किती अंतराने उडाली याला महत्त्व आहे. आणि हीच गोष्ट दगडही बारीक करते, कारण वेळ मिळाला की प्रत्येक होलला स्वतःचा मोकळा कडा मिळतो. गावाचे हित आणि खदानीचे हित इथे एका ओळीत येतात. समृद्धी महामार्गासारखा ७०१ किलोमीटरचा रस्ता मराठवाड्यातून गेला, पुढेही रस्ते, धावपट्ट्या, इमारती होणार आहेत, आणि खडी लागणारच आहे. म्हणून हे एका ओळीत आलेले हित ओळखून काम करणे मला फार महत्त्वाचे वाटते.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. दारू म्हणून वापरल्या जाणाऱ्या अमोनियम नायट्रेट आणि डिझेलच्या मिश्रणाला पाणी सहन होत नाही. नायट्रेट विरघळते, जोर जातो आणि ब्लास्टनंतर नारंगी-तपकिरी धूर दिसतो. तो धूर विषारी असतो आणि दारू अर्धवट जळाल्याची ती खूण असते. विरघळलेले नायट्रेट भेगांतून खाली जाऊन आसपासच्या विहिरींत उतरू शकते, आणि दुष्काळी मुलखात विहिरीचे पाणी बिघडवण्यासारखा दुसरा गुन्हा नाही. ओल्या होलमध्ये पाणी सहन करणारे इमल्शनच वापरावे, ते महाग पडते हे कारण मी मान्य करत नाही.

शेतातल्या विहिरीच्या सुरुंगांची गोष्ट निराळी आहे. तिथे बाजूला मोकळा कडाच नसतो, फक्त वर आकाश असते. त्यामुळे विहीर चार-पाच परस खाली गेल्यावरही दगड वरच उडतो आणि दारू खदानीपेक्षा कितीतरी जास्त लागते. तिथे आधी मधोमध थोडी होल उडवून खड्डा करायचा आणि मग कडेच्या होलांना त्या खड्ड्याकडे फुटू द्यायचे, एवढे जरी पाळले तरी खूप फरक पडतो.

आमच्या खदानीवर आता ड्रिलवाला प्रत्येक होलमागे दोन ओळी लिहितो: किती फुटांवर मशीन मऊ चालले, कुठे पाणी लागले, ड्रिलने होलमध्ये सोडलेली हवा कुठे परत आली नाही. हवा परत आली नाही म्हणजे मोठी भेग किंवा पोकळी. मशीन मऊ चालले आणि तांबडी भुकटी आली म्हणजे गेरूचा थर. दारू भरताना तेवढ्या पट्ट्यात दारूऐवजी खडी भरायची आणि दारू वर-खाली दोन भागांत द्यायची. पूर्वी त्या थरातून वाया जाणारी दारू यामुळे वाचते आणि वरचा पाषाण चिऱ्यांत न बसता डबर होऊन पडतो. ब्लास्टनंतर ढिगाचा फोटो काढताना मधे ठरलेल्या लांबीची पहार ठेवायची, म्हणजे धोंड्यांचा आकार फोटोवरून मोजता येतो. ड्रिलच्या नोंदी, तो फोटो आणि गावाच्या वेशीवरच्या कंपनमापकाचा आकडा ही तिन्ही एकाच पानावर उतरवायची. पुढचे होल आखायला बसताना मी ते पान समोर ठेवतो आणि दारू वाढवण्याआधी त्या पानावर काय चुकले ते शोधतो.